नमुन्याचं पान

पहाटे साडेचार

जून महिना, साल १५९२ धरू. व्हेनिसच्या सान मार्को चौकापासून चार पावलांवर फ्रेत्सेरिया नावाची गल्ली आहे. एके काळी इथे बाण बनवणारे बसायचे. आता चित्रकार आहेत, पुस्तकवाले आहेत, छापणारेही आहेत. चौकातल्या मनोऱ्यावरची मोठी घंटा वाजते आणि कारागिरांचं शहर उठतं.

छापखान्यात सगळ्यात आधी उठतो तो पोऱ्या. उमेदवारी करतोय, दुकानातच झोपतो. त्याचं पहिलं काम सगळ्यात घाण वासाचं. शाई लावायच्या गोळ्यांचं मेंढीचं कातडं रात्रभर मुतात भिजत पडलेलं असतं. ते तसं ठेवलं नाही तर कडक होतं, आणि कडक कातड्यावर शाई सारखी बसत नाही. पोऱ्या कातडी बादलीतून काढतो, पिळतो, पायाखाली तुडवून मऊ करतो. मग आत लोकर गच्च भरून ती लाकडी मुठींवर बारीक खिळ्यांनी ठोकतो. असे दोन गोळे, एकेका हातात एकेक. हात धुवायला कालव्याचं पाणी आहे. वास मात्र दुपारपर्यंत जात नाही.

या दिवसाची रोजनिशी कुणी लिहून ठेवलेली नाही. उरलेली पुस्तकं, युरोपातल्या छापखान्यांचे हिशेब आणि त्या काळच्या छपाईची रीत यांवरून तो जुळवला आहे. म्हणून यातल्या छापखान्याला आणि त्यात राबणाऱ्यांना नावं नाहीत. वेळ मी आपल्या घड्याळाची देतोय. चौकातलं घड्याळ सूर्यास्तापासून चोवीस तास मोजतं. जूनमध्ये दुपारचे बारा म्हणजे तिथे सोळाच्या आसपास.

पाच

ठसेकार खिडकीशी येऊन बसतो. त्याला उजेड हवा असतो, बाकी कशाची घाई नसते. मेणबत्तीवर हे काम करायचं म्हटलं तर मेणबत्तीचे पैसे जातात आणि डोळेही जातात.

समोर नासपतीच्या लाकडाची फळी. नासपती का, तर तिचे तंतू बारीक आणि सारखे असतात, कापताना चिरफळत नाहीत. फळी रंधून गुळगुळीत केलेली आहे. जाडी छापखान्यातल्या अक्षरांच्या खिळ्यांच्या उंचीइतकी, कारण खिळे आणि ठसा एकाच चौकटीत बसणार आहेत. वर शाईनं नमुना काढलेला आहे. चौकोनात चौकोन, मधे आठ पाकळ्यांचं फूल, कडेनं दातेरी टोकं. कॉलरला लावायची लेस.

लाकडी ठशात जे उरतं ते काळं छापतं आणि जे कोरून काढतो ते पांढरं राहतं. साध्या चित्रात ठसेकाराला रेघ शाबूत ठेवायची असते, म्हणजे रेघेच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं. लेस मात्र पांढरी. मग या पुस्तकांत उलटं करतात. जमीन काळी सोडतात आणि धागा तेवढा कोरतात. पानावर काळ्या मखमलीवर अंथरल्यासारखी लेस दिसते. काढायचं लाकूड कमी, म्हणून काम सोपं वाटेल. पण इथे पात्याची प्रत्येक हालचाल हा एक धागा असतो. हात घसरला की नसलेला धागा पानावर उमटणार, आणि कुठल्या तरी गावातली बाई तो इमानानं विणणार.

मी या ठशांची छापलेली पानं भिंगाखाली बघतो तेव्हा कोपऱ्यांवर नजर अडते. पाकळी जिथे दांड्याला मिळते तिथे तीन रेघा एका टोकात येतात. ठसेकार पातं आधी एका अंगानं तिरकं घालतो, मग दुसऱ्या अंगानं. मधली लाकडाची काडी सुटून वर येते, ती तो फुंकरीनं उडवतो. मोठी जागा असेल तर गोल पटाशी आणि हातोडी. दर थोड्या वेळानं पातं तेलाच्या दगडावर फिरवायचं. चूक झालीच तर तेवढ्या जागी भोक पाडायचं, त्यात नव्या लाकडाची खुंटी ठोकायची, ती तासून सपाट करायची आणि पुन्हा कोरायचं. अशा खुंटीची गोल कड कधी कधी छापात पुसटशी दिसते. मला ती पूर्ण निर्दोष कोरीवकामापेक्षा अधिक काही सांगते. कुणी तरी चिडलं होतं, थांबलं होतं आणि परत बसलं होतं.

साडेसहा

कागद. छापखान्यातली सगळ्यात महाग वस्तू हीच. मजुरी नव्हे, शाई नव्हे, लाकूडही नव्हे. अँटवर्पच्या क्रिस्तोफ प्लांताँचे हिशेब शिल्लक आहेत. त्यांत पुस्तक छापायच्या खर्चाचा अर्ध्याहून मोठा वाटा एकट्या कागदाचा निघतो. व्हेनिसला कागद गार्दा सरोवराकाठच्या तोस्कोलानोच्या गिरण्यांतून येई. जुन्या तागाच्या चिंध्या कुजवून, कुटून, चाळणीवर उचललेला कागद. फाटके सदरे आणि चादरी गिरणीत जात आणि ताव होऊन परत येत.

कोरड्या तावावर छाप नीट उठत नाही. म्हणून काल संध्याकाळीच पोऱ्यानं काही काही ताव पाण्यातून काढून थप्पी रचली आणि वर फळी व दगड ठेवला. आता तो थप्पीचा कोपरा उचलून बघतो. ओल सगळीकडे सारखी मुरलेली हवी. फार ओला असेल तर शाई घेत नाही, कडा सुकलेल्या असतील तर सुरकुतीसकट छापतो.

आडव्या आकाराच्या या पुस्तकात एका तावाची चार पानं होतात, म्हणजे आठ बाजू. अठ्ठावीस पानांचं पुस्तक धरलं तर प्रतीला सात ताव. हजार प्रती काढायच्या तर सात हजार ताव, पाचशेच्या चौदा रिमा. वाया जाणारे वेगळे. या चौदा रिमांचे पैसे पुस्तकाची एकही प्रत विकायच्या आधी द्यायचे असतात.

म्हणून मालक पानाच्या दोन्ही बाजूंना नमुने छापतो. एकाच बाजूला छापलं तर चौदाच्या अठ्ठावीस रिमा होतील. हिशेब सरळ आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, रात्री लागेल.

सात

फर्मा बांधायची वेळ. चार ठसे दगडी पाटावर मांडतात. प्रत्येकाच्या डोक्यावर खिळ्यांची एक ओळ, टाक्याचं नाव सांगणारी. खिळे जुळवणारा ती उलटी जुळवतो आणि उलटीच वाचतो. मग मधल्या जागेत लाकडाच्या पट्ट्या, कडेला पाचर, आणि हातोडीनं आवळायचं.

पहिला छाप काढतात. अपेक्षेप्रमाणे खराब येतो. एका ठशाचा कोपरा करडा, कारण लाकूड हवेनं किंचित बसलंय. ठसा उचलून त्याखाली कागदाचा कपटा चिकटवतात. पुन्हा छाप. आता तो कोपरा ठीक, पण शेजारची ओळ दबली. आणखी एक कपटा. कुठल्या कोपऱ्याला किती जाडीचा कपटा लागेल हे मोजून ठरत नाही, जुन्या माणसाच्या बोटांना ते कळतं. यात तास जातो आणि त्या तासात विकण्याजोगा एकही ताव निघत नाही.

आठ

आता दोघे यंत्रावर. यंत्र लाकडाचं, माणसाहून उंच, वर तुळयांना टेकू देऊन घट्ट केलेलं. मधे मळसूत्र, त्याला आडवा दांडा, खाली दाबणारी फळी. गोव्यात १५५६ साली उतरलेलं यंत्रही याच घडणीचं, लाकडी आणि हातानं ओढायचं.

एक जण शाईवाला. जवसाचं तेल उकळून दाट केलेलं, त्यात काजळी. ही शाई मधाहून चिकट असते. दोन्ही गोळे तो एकमेकांवर घासतो, शाई पसरवतो आणि ठशांवर ठोकत जातो. दुसरा ताव चौकटीत अडकवतो, चौकट मिटतो, पाट यंत्राखाली अर्धा सरकवतो आणि दांडा ओढतो. दाबणारी फळी लहान, एका वेळी अर्धाच ताव दाबते. म्हणून पाट आणखी पुढे सरकवून दुसऱ्यांदा ओढायचा. मग पाट बाहेर, चौकट उघडी, ताव काढून थप्पीवर. तोवर शाईवाल्यानं पुन्हा शाई लावलेली असते.

साध्या मजकुराला हे चालून जातं. लेसच्या पानांची तऱ्हा वेगळी. जवळजवळ सगळं पानच काळं असतं. एवढी काळी जमीन भरायला शाई जास्त लागते, दाब जास्त लागतो, आणि ताव ठशाला चिकटून बसतो. सोलून काढावा लागतो. झटका दिला तर छाप पुसटतो. शाई थोडी जास्त झाली तर बारीक पांढऱ्या रेघा भरून जातात आणि लेसचा धागाच नाहीसा होतो. मग गोळा बाजूला ठेवून सुईच्या टोकानं ठशातली घट्ट शाई उकरत बसायचं.

प्लांताँच्या छापखान्यात दोन माणसांनी दिवसाला साडेबाराशे ताव दोन्ही बाजूंनी छापावेत असा दंडक होता. गुणाकार करून बघा. अडीच हजार वेळा ताव चौकटीत घालायचा आणि काढायचा. प्रत्येक वेळी दोनदा दांडा ओढायचा. म्हणजे दिवसाला पाच हजार वेळा. बारा तासांचा दिवस धरला तर दर सतरा-अठरा सेकंदांना तावाची एक बाजू. म्हणून दोघे अधूनमधून जागा बदलतात. दांड्यावरचा शाईवर येतो, शाईवरचा दांड्यावर जातो. दांडा नुसत्या हातानं ओढला जात नाही. एक पाय खालच्या तिरप्या फळीवर रोवायचा आणि अंग मागे टाकायचं. बोलणं फारसं नाही. बोलायला दम लागतो.

पोऱ्या काल दोन्ही बाजूंनी छापून झालेले ताव टी-आकाराच्या लांब काठीवर घेऊन छताजवळच्या दोऱ्यांवर टाकत राहतो. दहा वाजेपर्यंत डोक्यावर काळ्या-पांढऱ्या लेसचं छत झालेलं असतं.

साडेअकरा

जेवण. पाव, कांदा, खारवलेला मासा, पाणी घातलेली वाइन.

१५९० पासून इटलीत धान्याची टंचाई आहे. व्हेनिसमध्ये पावाची किंमत तीच ठेवून वजन कमी करतात. गल्ल्यातून तेवढीच नाणी जातात आणि पाव हातात हलका लागतो. पाच हजार वेळा दांडा ओढणाऱ्याला तो फरक लगेच कळतो.

प्लांताँकडे यंत्रावरच्या माणसांना केलेल्या कामावर पैसे मिळत. ठरलेले ताव निघाले नाहीत तर तेवढे पैसे कमी. या प्लांताँविषयी इथेच सांगून टाकतो, कारण त्याच्या घरी छपाई आणि लेस एका छपराखाली होत्या. त्याची पुस्तकं युरोपभर जात, आणि त्याच गाड्यांच्या वाटेनं त्याचा तागाच्या कापडाचा आणि लेसचा व्यापारही चाले, पॅरिसच्या एका बड्या कापडवाल्याशी. तो व्यवहार त्याच्या मुली सांभाळत. याच मुली लहानपणी छापखान्यात प्रुफं वाचायला मदत करत. स्पेनच्या राजदरबारातल्या माणसाला लिहिलेल्या पत्रात बापानं हे सांगितलं आहे. छापखान्यांच्या इतिहासात बहुधा त्याच्या अनेकभाषी बायबलचं नाव घेतात. मला मात्र त्यांतली तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी दिसते, वहीत लेसचे गज आणि पैसे मांडणारी.

दुपारी एक

मालक एक जुनं जर्मन पुस्तक घेऊन ठसेकाराशी बसलाय. या धंद्यात सगळे सगळ्यांचं घेतात. अशी छापील पुस्तकं सुरू झाली ती औग्सबुर्गमध्ये, योहान शोनस्पेर्गरनं १५२३ मध्ये काढलेल्या नमुन्यांच्या पुस्तकापासून. चार वर्षांत कोलोनला पेटर क्वेन्टेलनं आपलं काढलं, आणि त्याच १५२७ मध्ये व्हेनिसला ताल्येन्तेनं. हा ताल्येन्ते अक्षरं गिरवायला शिकवणारा मास्तर. वळणदार अक्षर आणि वळणदार टाका त्याला एकाच घराण्याचे वाटले असणार. मग तीस-चाळीस वर्षं झोप्पिनो, पागानो, वावास्सोरे यांची पुस्तकं व्हेनिसमधून निघत राहिली. १५८७ मध्ये फेदेरिको व्हिन्चोलो या व्हेनिसच्याच माणसानं पॅरिसमध्ये पुस्तक काढून राणीला अर्पण केलं. आणि १५९१ मध्ये याच फ्रेत्सेरियात राहणाऱ्या चेझारे वेचेल्लियोनं ‘कोरोना’ काढलं. थोर आणि गुणी स्त्रियांचा मुकुट, असं त्याचं लांबलचक नाव. वेचेल्लियो हा चित्रकार टिशियनचा भाऊबंद, त्याच्या चित्रशाळेत काम केलेला. आदल्याच वर्षी त्यानं जगभरच्या पोशाखांचं मोठं पुस्तक काढलं होतं, म्हणजे कॉलर आणि झालरी त्यानं डोळे भरून पाहिलेल्या होत्या.

‘कोरोना’ चाललं. इतकं चाललं की पुढे तीसेक वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

सेनेटकडून काही वर्षांचा हक्क मिळवता येतो. दुसऱ्यानं छापलं तर दंड. पण तो हक्क व्हेनिसच्या राज्यापुरता. लियाँ किंवा कोलोनमध्ये बसलेला छापणारा पान फळीवर चिकटवतो आणि त्यावरूनच कोरतो. छापल्यावर नमुना उजव्याचा डावा होतो. हरणं डावीकडे पळत होती ती उजवीकडे पळू लागतात. लेसच्या चौकोनी फुलाला त्यानं काहीच फरक पडत नाही.

ठसेकार जर्मन पानावर बोट ठेवतो, मान हलवतो. हा नमुना मोजून भरायचा, चौकडीच्या कागदावरचा. जाळीवर घरं मोजत सुई चालवायची. इथल्या गिऱ्हाइकाला आता हवेतली लेस हवी, जिच्याखाली कापडच नाही. मालक पुस्तक मिटतो.

तीन

मेर्चेरियाची गल्ली. रेशीम, गुंड्या, सुया, अत्तरं, आणि पुस्तकांची दुकानं. नमुन्यांचं पुस्तक धर्मग्रंथांच्या शेजारी नाही, पुढ्यातच ठेवलेलं असतं. बारीक, आडवं, नुसतं दोऱ्यानं शिवलेलं.

पहिल्या पानावर उमराव घराण्यातल्या बाईला अर्पण. ‘कोरोना’ व्हिएना व्हेन्द्रामिना नानी या बाईंना अर्पण केलेलं आहे. पण उमराव घरांच्या जोरावर एवढ्या आवृत्त्या खपत नाहीत. घेणाऱ्यांत शिंपी आहेत, मुलींना शिवण शिकवणाऱ्या बाया आहेत, मठांतल्या जोगिणी आहेत, आणि बायकांना घरी काम वाटणाऱ्या आहेत. झुरिकला १५६१ च्या सुमारास फ्रोशाउअरनं छापलेलं असं एक पुस्तक आहे. त्याच्या लेखिकेनं आपलं नाव पूर्ण दिलेलं नाही, नुसती ‘आर. एम.’ ही आद्याक्षरं. ती कित्येक वर्षं हीच विद्या मुलींना शिकवत होती. लाकडी बॉबिनांवरची लेस आपल्याकडे १५३६ मध्ये व्यापाऱ्यांनी व्हेनिस आणि इटलीतून आणली, असं तिनं लिहून ठेवलंय. तिच्या या चार ओळींबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. अर्पणपत्रिकांच्या ढिगात कामाबद्दल लिहिणारी ती एक. पुढे रोममध्ये इझाबेल्ला पारासोले या बाईनं स्वतःच्या नावानं अशी पुस्तकं काढली. तिचं सगळ्यात देखणं पुस्तक १६१६ चं.

आज दुपारी दुकानात एक बाई आली आहे. काम वाटणारी. ती पानं उलटते, तीन-चार नमुन्यांपाशी थांबते, भाव करते. पुस्तक घेऊन घरी गेल्यावर ती दोरा कापणार आहे. अख्खं पुस्तक कुणा एकीच्या हाती द्यायचं कशाला? एकेक पान एकेकीला. आज ग्रंथालयांत या पुस्तकांच्या ज्या प्रती आहेत त्यांत पानं नाहीशी झालेली असतात ती अशानंच. काही पुस्तकांची जगात एकुलती एक प्रत उरली आहे. जी वापरली गेली नाहीत ती टिकली.

साडेपाच

कास्तेल्लो भागात, आर्सेनालच्या भिंतीमागे, वरच्या मजल्यावरची खोली. खिडकी पश्चिमेची. इथली बाई सकाळपासून पाण्याच्या आणि चुलीच्या कामात होती. हात आता मोकळे झाले.

तिच्यापुढे एक पान आहे, मागच्या महिन्यात मिळालेलं. फुलाचा नमुना कागदावरून चर्मपत्रावर उतरवायचाय. यासाठी व्हेनिसच्या पागानिनोच्या १५२७ च्या सुमाराच्या ‘बुरातो’ पुस्तकात चित्रच दिलं आहे. बायका नमुना कसकसा उतरवतात ते त्यात दाखवलंय. एक खिडकीच्या उजेडावर कापड धरून, एक खाली दिवा ठेवून, एक सुईनं भोकं पाडून. जवळजवळ पाच शतकांपूर्वीच्या पुस्तकात कामाची रीत अशी चित्रातून सांगितलेली बघितली की लेखकाबद्दल आदर वाटतो.

ही बाई भोकांची. पान चर्मपत्रावर ठेवते, खाली जाड लोकरीची घडी, आणि बारीक सुईनं रेघेवर भोकं पाडत जाते. कापडावर उठवायचं असेल तर पुढे कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून आपटायची. ठिपके खाली उतरतात. आपल्याकडे भरतकामाचा छाप उठवतात तसंच, टोचलेला ट्रेसिंग पेपर, रॉकेल आणि नीळ. पण हवेतल्या लेसला कापड नसतंच. इथे चर्मपत्रावरची भोकंच हवी असतात. त्यांतून पुढचे टाके जायचे आहेत.

छापलेल्या काळ्या जमिनीवर पांढरी रेघ तिला स्पष्ट दिसते. ठसेकाराचं पातं जिथून गेलं तिथून आता तिची सुई चाललीय. आठव्या पाकळीच्या टोकाशी दोन रेघा भरून गेल्या आहेत, त्या दिवशी शाई जास्त झाली असणार. ती क्षणभर थांबते, समोरची पाकळी बघून अंदाज घेते आणि भोक तिथे पाडते जिथे ते असायला हवं.

साडेसहा

छापखान्यात आवराआवर. फर्मे खाराच्या पाण्यानं घासून धुतात, नाहीतर रेघांत शाई सुकते. ठसा पाण्यात फार वेळ ठेवत नाहीत, लाकूड फुगतं. गोळ्यांवरचे खिळे उपटून कातडी पुन्हा बादलीत. मालक ताव मोजतो. फाटलेले, दुहेरी छापलेले, शाई फाकलेले वेगळे काढतो. ते पाठकोरे ताव पुठ्ठ्यात जातात, पुस्तकांच्या बांधणीत. आज एका बाजूचे ताव झाले. उद्या ओल टिकून आहे तोवर तेच ताव उलटून दुसरी बाजू छापायची. उलटताना टाचणीची भोकं जुळवायची, म्हणजे पुढचं आणि मागचं पान सरळ एकावर एक येतं.

ठसेकार उजेड असेपर्यंत बसून आहे. आठातल्या सहा पाकळ्या झाल्या.

आठ

दिवा लागलाय. तेलाचा, एका वातीचा. शेजारीणही आपलं काम घेऊन इथेच आली आहे. एका दिव्यावर दोघींचं भागतं आणि तेलाचे पैसे निम्मे होतात.

टोचलेल्या चर्मपत्राखाली तागाच्या कापडाची दुहेरी घडी शिवलेली आहे. आधी नमुन्याच्या रेघेवर जाड दोरा अंथरायचा आणि भोकांतून बारीक टाक्यांनी तो जागोजाग पकडून ठेवायचा. हा नुसता सांगाडा. मग त्या दोऱ्यावर काजाचे टाके, एकाला एक लावून, दाट. पाकळी भरते. पाकळीकडून पाकळीकडे हवेतून दोरा टाकायचा, त्यावरही काजाचे टाके, की झाला दांडा. सगळं पुरं झालं की कापडाच्या दोन घड्यांच्या मधून कात्री घालून धरून ठेवणारे टाके कापायचे. लेस सुटून हातात येते. चर्मपत्र परत वापरता येतं.

दोरा तागाचा, पांढरा, काम वाटणारीनं वजन करून दिलेला. परत करताना लेस आणि उरलेला दोरा मिळून वजन जुळलं पाहिजे. हात कोरडे हवेत. घाम आला की दोरा मळतो, आणि मळलेल्या लेसचे पैसे कापतात. जूनमध्ये खिडकी उघडी ठेवावी तर दिवा हलतो, मिटावी तर हात घामेजतात. तिनं खिडकी अर्धी लोटलीय.

एका पाकळीला किती वेळ लागतो ते बघत बसलं तरच कळतं. सुई आत, दोऱ्याचा फास, ओढ, टाका आधीच्या टाक्याला भिडव. नखाएवढी जागा भरायला कितीतरी टाके. बाई बोलते, हसते, शेजारणीला पावाच्या वजनावरून काहीतरी सांगते, पण बोटं थांबत नाहीत. रागलोभानं त्यांची चाल बदलत नाही. ओढ सारखी राहिली पाहिजे, नाहीतर फूल एकीकडे आक्रसतं.

साडेनऊ

दुसरी पाकळी संपते. दिव्यात तेल थोडं आहे. शेजारीण ते छापलेलं पान उचलून दिव्यासमोर धरते. आरपार दोन्ही नमुने दिसतात, पुढचं फूल आणि मागची द्राक्षवेल, एकमेकांत गुंतलेले, आणि दोन्हींतून आजची भोकं गेलेली. तिला वेल हवी आहे, एका रुमालाच्या कडेला. आजच्या भोकांनी वेलीचं एक पान आधीच चाळलंय. उरलेल्या दोन चौकोनांची भोकं पाडली तर वेल वाचणार नाही.

मग ठरतं असं. उद्या सकाळी उजेडाला शेजारीण आधी खिडकीच्या काचेवर पान उलटं लावून वेल कोळशानं उतरवून घेईल, जिथे भोकं पडलीत तिथे अंदाजानं जोडेल. ते झाल्यावरच बाई उरलेले चौकोन टोचायला घेईल. म्हणजे तिची सकाळ जाणार. शनिवारी कॉलर द्यायची आहे, आणि काम वाटणारी टाक्याचे पैसे देते, थांबण्याचे नाही. त्या बदल्यात दोन दिवस दिव्याचं तेल शेजारणीचं.